अन्ननलिकेचं ऑपरेशन आणि दुसऱ्याच दिवशी चालायचं?

प्रश्न : वडिलांचं अन्ननलिकेच्या कर्करोगाचं ऑपरेशन ठरलंय. भूल देण्याच्या २ तास आधीपर्यंत पाणी चालेल आणि दुसऱ्या दिवशी चालवू, असं डॉक्टर म्हणतात. काकांना पूर्वी आदल्या रात्रीपासून पाणीही बंद होतं आणि नंतर आठवडाभर झोपवून ठेवलं होतं. ही घाई नाही का?

उत्तर : नाही. पेशंटला लवकर घरी पाठवणं हा यामागचा हेतू नसतो. तो लवकर सावरला की घरी जातोच. कोपनहेगनचे सर्जन हेन्रिक केहलेट यांनी १९९०च्या दशकात आतड्याच्या ऑपरेशनांसाठी लवकर सावरण्याची ही पद्धत मांडली. अन्ननलिकेसाठीची मार्गदर्शक तत्त्वं २०१९ साली आली.

साधं पाणी २ तासांत जठरातून पुढे सरकतं. दूध, दुधाचा चहा, जेवण यांना ६ तास लागतात. मात्र वडिलांना घोट अडकत असेल किंवा जुना मधुमेह असेल, तर ते भूलतज्ज्ञांना आधी सांगा. त्यांची वेळ वेगळी ठरेल.

या ऑपरेशनात जठराची नळी करून ती छातीत वर ओढतात. छाती दुखते म्हणून पेशंट खोल श्वास घेत नाही, कफ साचतो आणि न्यूमोनिया गाठतो. चालवायचं ते म्हणूनच. आधी पाय खाली सोडून पाच मिनिटं बसवतात, कारण पाठीतल्या बारीक नळीतून दिलेल्या वेदनाशामक औषधाने रक्तदाब उतरून चक्कर येऊ शकते. छातीतलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीची, म्हणजे ड्रेनची बाटली कायम छातीखाली धरायची आणि नळी आपल्या मनाने चिमटायची नाही.

श्वासाच्या व्यायामाचं तीन गोळ्यांचं (प्लास्टिकच्या छोट्या चेंडूंचं) यंत्र आत्ताच आणा. बहुतेक जण त्यात फुंकतात. हवा आत ओढायची असते. गोळ्या २-३ सेकंद वर धरायच्या, जागेपणी दर तासाला १० वेळा. विडी-सिगारेट ऑपरेशनाच्या किमान ४ आठवडे आधी सुटायला हवी.

पोटावर आतड्यात आहार देणारी नळी असेल, तर घोळ बहुतेक तिथेच होतो. प्रत्येक आहाराच्या आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी सोडा. कुटलेल्या औषधाच्या गोळ्या आणि घरची दाट पेज यांनी नळी तुंबते. औषध पातळ स्वरूपात मागा. तुंबली तर तार घालू नका. निसटली तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा, छिद्र काही तासांत मिटू लागतं.

ताप, वाढती नाडी, धाप किंवा ड्रेनमध्ये गढूळ पाणी दिसलं तर अन्ननलिका आणि जठराचा शिवलेला जोड गळत असल्याची शंका घ्यायची. अशा वेळी वेळापत्रक बाजूला राहतं.

प्रश्न : जठर काढलंय. शिरा खाल्ला की अर्ध्या तासात घाम आणि धडधड होते. काय करावं?

उत्तर : गोड पदार्थ एकदम आतड्यात उतरतो आणि पाणी आत खेचतो, म्हणून हे होतं. दिवसातून ६-८ वेळा थोडंथोडं खा, त्यात डाळ, अंडं, पनीर घ्या आणि पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने प्या. पूर्ण जठर काढलं असेल तर बी-१२चं इंजेक्शन आयुष्यभर घ्यावं लागतं. वर्ष-दोन वर्षं काही जाणवत नाही म्हणून ते सोडू नका, यकृतातला साठा तेवढाच पुरत असतो.