कलहारीची प्रवासवर्णने कशी वाचावीत

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कलहारी वाळवंटात पूर्वापार शिकार आणि कंदमुळांवर जगत आलेल्या सान लोकांविषयी आपण नव्यानेच वाचू लागला आहात, म्हणून सुचवतो की, लेखकाच्या शैलीवर भाळण्याआधी तो तेथे किती काळ राहिला आणि दुभाष्याविना बोलू शकत होता का, हे पाहावे. दक्षिण आफ्रिकी लेखक लॉरेन्स व्हॅन डर पोस्ट यांचे कलहारीवरील १९५८ सालचे पुस्तक आजही वाचनीय आहे. पण २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या चरित्राने त्यांनी स्वतःविषयी रचलेल्या अनेक कथा उघड केल्या, तेव्हा ते कलहारीचे कमी आणि त्यांच्या मनाचे वर्णन अधिक समजून वाचावे. याउलट १९५१ पासून आजच्या नामिबियातील न्याए न्याए भागात सान लोकांसोबत वारंवार मुक्काम केलेल्या मार्शल या अमेरिकी कुटुंबाच्या नोंदी संथ वाटतील, पण भरवशाच्या आहेत.

खरेपणा बारीक तपशिलात कळतो. भुंग्याच्या अळीचे विष बाणाच्या टोकाला नव्हे, तर टोकामागच्या दांडीला लावतात, म्हणजे चुकून बोचले तरी शिकाऱ्याला धोका कमी. विष सावकाश भिनते, म्हणून जखमी जनावराचा माग कधी कधी दिवसभराहूनही अधिक काढावा लागतो. बाण लागताच हरीण कोसळल्याचे कोणी लिहिले असेल, तर सावध व्हावे. शिकारीची रसभरीत पाने आणि बायकांनी गोळा केलेल्या कंदमुळांवर जेमतेम एक ओळ, हेही तसेच संशयास्पद. अन्नाचा मोठा वाटा बायकांनी आणलेलाच असे.

‘बाहेरच्या जगापासून अस्पर्श’ असे वर्णन आढळल्यास, गुरे पाळणाऱ्या शेजाऱ्यांशी सान लोकांचे जुने संबंध लेखकाने का वगळले, हे अवश्य विचारावे. सोबत, सान लोकांना कलहारीतील त्यांच्या पूर्वजांच्या भूमीतून हटवणे बेकायदा ठरवणारा बोत्स्वानाच्या उच्च न्यायालयाचा २००६ सालचा निकालही वाचावा.