बायपोलरच्या गोळ्यांचे दुष्परिणाम सहन होत नाहीत. तुम्ही कसं निभावलंत?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपासून लिथियम आणि रात्री क्वेटियापिन चालू आहे, हात थरथरतात, वजन सात किलोंनी वाढलंय, सकाळी डोकं जड असतं, आणि आता कोणाला न सांगता गोळ्या बंद कराव्यात असं वाटतंय. ती शेवटची गोष्ट मी केलेली आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मी अकरा वर्षं उपचार घेतेय. मी डॉक्टर नाही, रुग्ण आहे. तिसऱ्या वर्षी लिथियम एका दिवसात बंद केलं. कारण तुमचंच, हात. पाण्याचा पेला तोंडापर्यंत नेताना सांडायचा. सही जुळत नाही म्हणून एकदा कागद परत आला, त्या दिवशी मी घरी येऊन खूप रडले. गोळ्या सोडल्यावर पहिले काही आठवडे फार छान गेले. हात स्थिर झाले, डोकं हलकं झालं, आणि मला वाटलं की आजार नव्हताच, सगळा त्रास औषधांचाच होता. सहाव्या आठवड्यात माझी झोप तीन तासांवर आली. तेव्हाही मला ते आजारपण वाटलं नाही, उत्साह वाटला. पुढे जे झालं त्यात नोकरी गेली, आणि बहिणीला मला दवाखान्यात भरती करावं लागलं. लिथियम अचानक थांबवलं तर हळूहळू कमी करण्याच्या तुलनेत मॅनिया (म्हणजे अति उत्साहाचा, झोप उडवणारा झटका) लवकर उलटण्याचा धोका जास्त असतो, हे मला त्यानंतर कळलं.

सगळ्यात जास्त वाईट याचं वाटतं की थरथरीवर उपाय होता. मी तो विचारलाच नव्हता. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "काही त्रास?" आणि मी म्हणायचे, "थोडे हात थरथरतात." ते लिहून घ्यायचे आणि भेट संपायची. भरतीनंतर मी पहिल्यांदा स्पष्ट बोलले, "मला सही करता येत नाही. याच कारणाने मी गोळ्या सोडल्या होत्या आणि पुन्हा सोडीन अशी भीती वाटते." ते रागावले नाहीत. लिथियम पुन्हा सुरू झाल्यावर त्यांनी रक्तातली पातळी तपासली. ती 1.0 mmol/L च्या आसपास होती. दीर्घकाळ घेताना बऱ्याच जणांना 0.6 ते 0.8 पुरते, म्हणून डोस थोडा उतरवला. उरलेल्या थरथरीसाठी प्रोप्रॅनोलॉल कमी मात्रेत दिलं. (दमा असेल तर ते चालत नाही, आधी सांगा.) कॉफीने थरथर वाढते, पण ती एकदम तोडू नका. कॅफिन अचानक कमी झालं की लिथियमची पातळी वर जाते. ही गोष्ट मला कोणी आधी सांगितली नव्हती.

तसंच अंगदुखीसाठी आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक स्वतःहून घेऊ नका, त्यानेही पातळी चढते. जुलाब, ताप, खूप घाम किंवा मीठ एकदम कमी करणं, यानेही चढते. हात मोठ्या झटक्यांनी हलायला लागले, उलट्या-जुलाब सुरू झाले, तोल जायला लागला, जीभ जड होऊन बोलणं अडखळायला लागलं, तर लिथियमची पुढची गोळी न घेता त्याच क्षणी दवाखाना गाठायचा. त्याला दुष्परिणाम म्हणून सोसायचं नसतं, ती विषबाधा असू शकते. बाकी त्रासांसाठी मात्र गोळी चालू ठेवून डॉक्टरांना फोन करायचा.

सकाळच्या जडपणाचं माझं उत्तर साधं निघालं: क्वेटियापिन मी झोपायच्या क्षणी घ्यायचे, ते विचारून दोन तास आधी घ्यायला लागले. तुमची गोळी साधी आहे की हळूहळू विरघळणारी, यावर वेळ ठरते, म्हणून तुम्हीही विचारूनच बदला. हळूहळू विरघळणारी असेल तर तोडू किंवा चावू नका.

वजनाबद्दल मी तुम्हाला खोटा धीर देणार नाही. माझं अकरा किलो वाढलं होतं, सहा उतरलं, पाच राहिलं. लिथियमने तहान लागते आणि मी ती गोड पेयांवर भागवत होते. साध्या पाण्यावर आल्याने फरक पडला. पण खरं कारण पुढे तपासणीत सापडलं, थायरॉइड मंदावलं होतं. लिथियमने हे होऊ शकतं, आणि त्याचा थकवा व जडपणा औषधाच्या गुंगीसारखाच वाटतो. तेव्हा थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी मागा. क्वेटियापिनमुळे साखर आणि कोलेस्टेरॉलचीही. औषध बदलायचा विषयही जरूर काढा, फक्त प्रत्येक पर्यायाचं स्वतःचं काहीतरी असतं. लॅमोट्रिजिनने सहसा वजन वाढत नाही, पण गंभीर पुरळाच्या धोक्यामुळे ते फार हळू चढवावं लागतं, आणि त्याचा उपयोग मॅनियापेक्षा नैराश्य रोखायला जास्त होतो.

एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, तरी विचारते. सगळं सपाट वाटतं का? मला वाटायचं, आणि वर चढलेल्या दिवसांची फार आठवण यायची. ही तक्रार कृतघ्नपणाची आहे असं समजून मी ती वर्षभर दाबून ठेवली. पण डोस जास्त असल्याचं किंवा नैराश्य पूर्ण न गेल्याचं ते लक्षण असू शकतं, म्हणून तेही थरथरीइतकंच स्पष्ट सांगा.

पुढच्या भेटीआधी दोन आठवडे रोज चार ओळी लिहा: गोळी किती वाजता, झोप किती तास, काय त्रास झाला, आणि त्यामुळे कोणतं काम अडलं. चौथी ओळ सगळ्यात महत्त्वाची.

आणि लिथियमची पातळी शेवटची कधी तपासली, ते तुमच्या प्रश्नात नाही. इतक्यात झाली नसेल तर उद्याच फोन करा. रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं असतं. सकाळी लिथियम घेत असाल तर त्या दिवशी ते रक्त दिल्यावर घ्या.