इंग्लंडमध्ये सॉलिसिटर असताना स्कॉटलंडमध्ये पुन्हा परीक्षा द्यावी लागते का?

तुम्ही लिहिलंय की पुण्यात एलएलबी केलं, मग इंग्लंडची परीक्षा देऊन सॉलिसिटर झालात, आता मिस्टरांची बदली एडिंबराला झाली आहे आणि "देश तर एकच, मग पुन्हा परीक्षा कशाला?"

द्यावी लागते. मी मँचेस्टरहून ग्लासगोला आले तेव्हा मलाही हाच धक्का बसला होता. १७०७ मध्ये दोन्हीकडची संसद एक झाली, पण त्याच करारात स्कॉटलंडने स्वतःची कोर्टं आणि स्वतःचा कायदा शाबूत ठेवून घेतला. त्यामुळे इथली लॉ सोसायटी (सॉलिसिटरांची संस्था) वेगळी आणि सॉलिसिटरांचा रोल, म्हणजे नोंदणीची यादी, तोही वेगळा. मी मूळची सावंतवाडीची. तिथे ज्या सनदेवर सावंतवाडीच्या कोर्टात उभी राहायचे, त्याच सनदेवर शेजारच्या गोव्यातल्या पेडण्यालाही जाता यायचं. इथे तसं नाही.

परीक्षा न देता काही करता येतं का, तर येतं. इमिग्रेशनचा कायदा सगळ्या युकेला एकच आहे, ते काम आणि इंग्लिश कायद्याचा सल्ला चालू ठेवता येतो. मात्र फी घेऊन घरजमिनीचे दस्त करणं, कोर्टात दावा चालवणं आणि मयताच्या मिळकतीचं कन्फर्मेशन काढणं (आपण ज्याला प्रोबेट म्हणतो ते) ही तीन कामं इथल्या रोलवर नाव असल्याशिवाय करायची नाहीत. म्हणजे नेमकी गल्लीतल्या वकिलाची रोजची भाकरी. तुम्ही कॉर्पोरेटमध्ये असाल तर घाई नाही. माझं पोट खरेदीखतांवर होतं, मला गत्यंतर नव्हतं.

शब्दांना घाबरू नका. इंजंक्शनचं (मनाईहुकुमाचं) इंटरडिक्ट होतं, मॉर्गेजचं स्टँडर्ड सिक्युरिटी, वादी म्हणजे पर्स्यूअर. पंधरा दिवसांत तोंडात बसतात. शेरीफ म्हणजे चक्क न्यायाधीश, आपल्या मुंबईच्या नगरपालासारखं मानाचं पद नव्हे. एक मात्र आजच करा: प्रोफाइलवर 'अ‍ॅडव्होकेट' लिहिलं असेल तर पुढे 'भारत' जोडा. इथे अ‍ॅडव्होकेट म्हणजे बॅरिस्टरच्या जातीचा माणूस, आणि सॉलिसिटरने तो शब्द लावला की लोकांच्या भुवया उंचावतात.

खरा त्रास हाताला लागलेल्या सवयीचा होतो. इंग्लंडमध्ये आपण प्रत्येक पत्रावर 'सब्जेक्ट टू कॉन्ट्रॅक्ट' (करार होईपर्यंत बंधन नाही) ठोकतो आणि करारांची अदलाबदल होईपर्यंत निर्धास्त असतो. इथे घराचा सौदा दोन बाजूंच्या वकिलांच्या पत्रांतून होतो, त्या पत्रांना मिसिव्ज म्हणतात. मी पहिल्यांदा अशी फाइल हाताळली तेव्हा शेवटचं स्वीकृतीचं पत्र तयार करून सीनियर बाईंकडे नेलं आणि विचारलं, "क्लायंटची सही कुठे घ्यायची?" त्या म्हणाल्या, "क्लायंटची कशाला? तू कर." माझ्या सहीने क्लायंट दोन लाख पौंडांच्या फ्लॅटला बांधला जाणार होता. ते पत्र संध्याकाळपर्यंत टेबलावर पडून होतं. चार वेळा वाचलं, मग सही केली. त्याच आठवड्यात एका क्लायंटला "लीजहोल्ड आहे की फ्रीहोल्ड?" असं विचारून मी हसं करून घेतलं. इथे फ्लॅटही मालकीचाच असतो, लीजहोल्ड, म्हणजे भाडेपट्ट्यावरचा, फ्लॅट हा प्रकार जवळपास नाहीच.

वारसाहक्कात मात्र मला अनपेक्षित आधार मिळाला. इंग्लंडमध्ये माणूस मृत्युपत्राने सगळं कुणालाही देऊ शकतो, फार तर घरच्यांनी कोर्टात जाऊन मागावं. स्कॉटलंडमध्ये जोडीदार हयात असेल तर जंगम मिळकतीचा एक तृतीयांश मुलांचा, नसेल तर अर्धा, आणि मृत्युपत्र काहीही म्हणो, मुलांनी मागितला तर तो द्यावाच लागतो. या हक्काला लेजिटिम म्हणतात. शब्द वाचला आणि थबकलेच. गोव्यात पोर्तुगीज कायद्यातून आलेली 'लेजितिमा' हीच की! सावंतवाडीत माझ्या सरांकडे पेडण्यात बागायती असलेले पक्षकार यायचे. "मुलाला काही द्यायचं नाही" म्हणणाऱ्या बापाला सर शांतपणे सांगायचे, "तुमचा अर्धाच तुमच्या हातात आहे." फरक एवढाच की तिथे स्थावरही मोजतात, इथे ते बाहेर. त्या धड्यापुरती मी वर्गातल्या इंग्रज मंडळींच्या पुढे होते. मृत्युपत्राला साक्षीदारही इथे एक पुरतो, आपल्याकडे आणि इंग्लंडमध्ये दोन लागतात.

माझ्या वेळी एक पेपर कन्व्हेयन्सिंग (घरजमिनीचे दस्त), ट्रस्ट आणि वारसाहक्काचा होता, दुसरा फौजदारी कायदा, पुरावा आणि प्रोसीजरचा. पुन्हा ट्रेनीगिरी करावी लागली नाही. पण नियम बदलत असतात, म्हणून पुस्तकं घेण्याआधी लॉ सोसायटी ऑफ स्कॉटलंडला तुमचा पूर्ण तपशील ईमेल करा आणि कुठल्या पेपरात सूट मिळते ते लेखी घ्या. मी आधी पुस्तकं घेतली, त्यातली दोन अजून कोरी आहेत. फौजदारीच्या जुन्या नोट्स कुणी फुकट दिल्या तरी घेऊ नका. 'नॉट प्रूव्हन' (गुन्हा सिद्ध झाला नाही) हा दोषी आणि निर्दोष यांच्या जोडीचा इथला प्रसिद्ध तिसरा निकाल रद्द करणारा कायदा २०२५ मध्ये झालाय.

टॉर्ट (दुसऱ्याच्या चुकीने झालेल्या नुकसानीच्या भरपाईचा कायदा) इथे डेलिक्ट होतं, पण आपण पहिल्या वर्षाला घोकलेली, जिंजर बिअरच्या बाटलीतल्या गोगलगायीची १९३२ ची केस मुळात इथलीच, ग्लासगोच्या शेजारच्या पेस्लीची. निदान तेवढं नव्याने वाचायला नको.

आणि कागदपत्रं. इंग्लंडकडून चांगल्या वर्तणुकीचा दाखला लागेल, तो लगेच मागवा. तिथल्या रोलवरचं नाव मात्र काढू नका, बदली उलटही होऊ शकते. माझं सगळ्यात जास्त अडलं ते नावावर. एलएलबीची मार्कलिस्ट आणि सनद माहेरच्या नावाची, मधे वडिलांचं नाव. इंग्लंडच्या रोलवर सासरचं आडनाव, मधे नवऱ्याचं नाव. या दोन्ही बायका एकच आहेत हे पटवायला मला लग्नाचा दाखला, त्याचं प्रमाणित भाषांतर आणि एक प्रतिज्ञापत्र लागलं. तुमचा लग्नाचा दाखला मराठीत असेल तर भाषांतर पुण्याहूनच करून मागवा, इथे शोधत बसलात तर महिना जाईल.