मोरीचे कालवण आणि शार्कचे पर

प्रश्न : आमची शाळा किनाऱ्यावरच्या गावात असून सातवीच्या वर्गातील निम्मी मुले मच्छीमार घरांतील आहेत. सागरी संवर्धनाच्या तासाला मी एक चित्रफीत दाखवली. तीत शार्कचे पर कापून जिवंत धड समुद्रात फेकले जाते. काही मुले रडली आणि एकाने विचारले, "बाई, काल आमच्याकडे मोरीचे कालवण होते. म्हणजे बाबाही असेच करतात का?" मोरी म्हणजे मुशी, म्हणजे शार्कच; त्यामुळे मला नीट उत्तर देता आले नाही. हा विषय कसा शिकवावा?
– एक शिक्षिका, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : मोरी खाणे आणि पर कापून धड फेकणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे त्या मुलाला पुढच्याच तासाला सांगावे. ज्या घरी मोरी शिजते तिथे धडालाच किंमत असते. धड फेकले जाते ते परांपुढे मांसाचा भाव नगण्य ठरतो तिथे. शिवाय पर धडाला जोडलेले असतानाच शार्क किनाऱ्यावर आणावा, असे केंद्र सरकारचे धोरण २०१३ पासून आहे आणि २०१५ पासून भारतातून परांच्या निर्यातीवरही बंदी आहे.

चित्रफितीऐवजी सुरुवात गणिताने करावी, असे मला वाटते. परांचे वजन शार्कच्या वजनाच्या ५ टक्के धरले, तर १०० किलोच्या शार्कमागे ५ किलो पर मिळतात. दूरच्या समुद्रात महिनोन्महिने टुना पकडत फिरणाऱ्या बोटीवर १० टन जागा उरली असेल, तर तीत अख्खे शार्क १०० मावतील, पर मात्र २,००० शार्कांचे मावतील. हे उदाहरण मुलांनी स्वतः सोडवले की क्रौर्यामागचा व्यवहार त्यांना आपोआप दिसतो. मग सांगावे, की हे पर सूपसाठी विकले जातात, पण त्यांतील तंतूंना स्वतःची चव जवळजवळ नसते, सूपला चव येते ती कोंबडीच्या वगैरे रश्श्याने, आणि मोजली जाते ती प्रतिष्ठेची किंमत. (याच कारणाने चीनने सरकारी मेजवान्यांतून हे सूप हद्दपार केले.) पर नसलेला शार्क पोहू शकत नाही, आणि ज्या जातींच्या कल्ल्यांतून पाणी वाहते ठेवायला पोहावेच लागते, त्या गुदमरतात; इतकी माहिती या वयाला पुरे.

तरीही मुशीची मासेमारी निर्धोक आहे, असा समज मात्र होऊ देऊ नये. आपल्या जाळ्यात नेहमी येणारी, फावड्यासारख्या तोंडाची लहान मुशी दोनेक वर्षांत वयात येते. काही मोठ्या जातींना पिले घालण्याजोगे व्हायला दहा-पंधरा वर्षे लागतात आणि तोवर त्या जाळ्यात सापडल्या तर पुढची पिढीच खुंटते. कानमुशीच्या, म्हणजे हॅमरहेड शार्कच्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले ते अशा घटीमुळेच. "शार्क संपले की समुद्र मरतो" हे वाक्य मात्र फळ्यावर लिहू नये, कारण प्रत्यक्षातले परिणाम जातीगणिक आणि ठिकाणागणिक बदलतात.

आपल्या वर्गासाठी सर्वांत जवळचे उदाहरण देवमुशीचे, म्हणजे व्हेल शार्कचे आहे. गुजरातेत वेरावळच्या परिसरात तिची शिकार होत असे. २००१ मध्ये तिला वन्यजीव कायद्याचे संरक्षण मिळाले, पण कोळ्यांचे मन वळले ते रामकथाकार मोरारीबापूंनी तिला बाळंतपणासाठी माहेरी आलेल्या लेकीची उपमा दिल्यावर. पुढे जाळे कापून तिला सोडणाऱ्यांना तिथे भरपाई मिळू लागली. महाराष्ट्रातही २०१८ पासून वन विभागाच्या कांदळवन कक्षामार्फत संरक्षित प्राण्यांसाठी कापलेल्या जाळ्याची भरपाई मिळते. असे जाळे कुणाच्या घरी कापले गेले होते का, हे मुलांनाच विचारून यायला सांगावे.

त्यानंतर एकदा वर्ग बंदरावर न्यावा. मुलांनी मुशींची लांबी मोजावी आणि जाती वहीत नोंदवाव्यात. त्या मुलाच्या वडिलांनी नावे सांगितली तर उत्तमच. फक्त लिलाव उरकल्यावर जावे, कारण ऐन लिलावात मुलांचा घोळका कोणालाच नको असतो.