‘आजचे दिनमान’ की ‘आजचे दिनविशेष’?

परभणी जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकाताईंनी विचारलंय: “आमच्या शाळेच्या दर्शनी फळ्यावर ‘आजचे दिनमान’ असं ऑइलपेंटनं लिहिलेलं आहे. त्याखाली आम्ही रोज परिपाठाआधी जयंत्या, पुण्यतिथ्या, इतिहासातल्या घटना लिहितो. नव्यानं बदलून आलेले सर म्हणतात हे चुकीचं आहे, ‘दिनविशेष’ पाहिजे. दोन्ही एकच नाही का?”

ताई, सरांचं बरोबर आहे. पण तो जुना शब्द पुसून टाकू नका, कारण त्याचं काम दुसरा कुठलाच शब्द करत नाही.

‘दिनमान’मधलं ‘मान’ म्हणजे माप. तापमान, पर्जन्यमान, आयुर्मान यांत आहे तेच. (‘वर्तमान’मधलं ‘मान’ मात्र वेगळं, तो संस्कृत धातूला लागणारा प्रत्यय आहे.) तेव्हा दिनमान म्हणजे दिवसाचं माप, सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा काळ. पंचांगाची पाच अंगं म्हणजे तिथी, वार, नक्षत्र, योग आणि करण. दिनमान त्यांत येत नाही, पण पंचांगात ते दिलेलं असतं, तेही घटी-पळांत. एक घटी 24 मिनिटांची, एक पळ 24 सेकंदांचं. भूगोल शिकवतानाही आपण दिनमान-रात्रमान म्हणतोच.

आमचे आजोबा औसा तालुक्यातले. पंचांग त्यांनी कधी हातात धरलं नसेल, पण दिवाळी सरली की म्हणायचे, “दिनमान आखूड झालंय, लवकर निघा.” मापही शेतातलंच होतं. दिवस मावळायला किती अवकाश आहे असं विचारलं की हात लांब करून मावळतीकडं बघत म्हणायचे, “अजून कासराभर दिस हाय.” कासरा म्हणजे बैलाची दोरी. क्षितिज आणि सूर्य यांच्यामधलं अंतर त्यांनी दोरीनं मोजलेलं असायचं. ‘मान’ या शब्दाचा अर्थ मला शब्दकोशाआधी त्या हातानं सांगितला.

मग हा शब्द जयंत्यांच्या डोक्यावर कसा जाऊन बसला? मला वाटतं, ‘दिनमान’ला दुसराही एक अर्थ फार पूर्वीपासून चिकटलेला आहे, तिथून हे झालं असावं. “त्याचं दिनमान फिरलं” म्हणतो तेव्हा आपण दैवाबद्दल, बऱ्यावाईट काळाबद्दल बोलत असतो. वर्तमानपत्रातल्या राशिभविष्यावरही हा शब्द दिसतो. ‘आज दिवस कसा आहे’ इथून ‘आज दिवस कोणता आहे’ इथपर्यंत घसरायला वेळ लागत नाही.

‘दिनविशेष’ हा त्या मानानं सरळ शब्द: त्या दिवसाचं वेगळेपण. पण खरी गंमत मला ‘दिन’मध्ये दिसते. दिनमानातला दिन फक्त उजेडाचा. दिनविशेषातला दिन म्हणजे तारीख, मध्यरात्री सुरू होऊन मध्यरात्री संपणारी. आणि पंचांगातला वार सूर्योदयाला बदलतो. त्या वेळी जी तिथी चालू असेल ती बहुतेक करून त्या दिवसाची धरतात. आपल्याकडं यात आणखी एक मोजणी आहे. मुसलमान शेजाऱ्यांची तारीख सूर्य मावळला की बदलते. म्हणून रमजान संपवणारा नवा चंद्र दिसला की ‘चांदरात’ होते आणि ईद तेव्हापासूनच सुरू झालेली असते. मराठवाड्यातल्या कुठल्याही पेठेत दिवस असा तीन वेगवेगळ्या वेळी उजाडतो, आणि कुणाचा काही घोटाळा होत नाही.

‘तारीख’ हा शब्द अरबीतून आला. अरबी आणि उर्दूत त्याचा अर्थ ‘इतिहास’ असाही होतो. त्याचंच अनेकवचन ‘तवारीख’. म्हणजे रोजची तारीख आणि तिच्याखाली लिहिलेला इतिहास हे मुळात एकाच शब्दात नांदत होते. तिथीचं उलट झालं. ‘पुण्यतिथी’ म्हणताना तिथी तोंडात असते, पण गांधीजींची पुण्यतिथी आपण 30 जानेवारीला, तारखेनंच पाळतो. पैठणची नाथषष्ठी, म्हणजे संत एकनाथांची पुण्यतिथी, मात्र नावानंही तिथी आणि पाळायलाही तिथीच, फाल्गुन वद्य षष्ठी. फळ्यावर लिहिताना एवढं बघा की प्रसंग तिथीनं पाळतात की तारखेनं. नाथषष्ठी मागच्या वर्षीच्या वहीतून उतरवून घेतली तर हमखास चुकेल.

आता 17 सप्टेंबरचा फळा घ्या. दिनविशेषात येईल मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन. 1948 साली याच तारखेला, शुक्रवारी, निजामाचं राज्य संपलं. देश स्वतंत्र होऊन तेरा महिने झाले होते. भारत सरकारची हैदराबादवरची पोलीस कारवाई 13 तारखेला सुरू झाली होती. शकानं ते वर्ष 1870, आणि त्या वेळच्या हैदराबादी दफ्तरात चालणाऱ्या फसली सनानं 1357. या लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थ यांचं नाव तर तुमची मुलं न विचारता लिहितील. त्याच दिवशी परभणीत सूर्य साधारण 6 वाजून 11 मिनिटांनी उगवतो आणि संध्याकाळी 6 वाजून 25 मिनिटांनी मावळतो. वजाबाकी केली की 12 तास 14 मिनिटं, म्हणजे 30 घटी 35 पळं. हे झालं दिनमान.

सूर्योदयाची वेळ घेताना ती कुठल्या गावची आहे ते पाहा. घरोघरच्या दिनदर्शिकांत बहुतेक वेळा मुंबईची वेळ असते. नांदेड मुंबईच्या पूर्वेला जवळपास साडेचार अंश, म्हणून तिथं सूर्य सतरा-अठरा मिनिटं आधी येतो. परभणीतही पंधराएक मिनिटांचा फरक पडतो.

तिन्ही गोष्टी एकाच दिवशी बघायच्या असतील तर येळवस, म्हणजे वेळ अमावस्या घ्या. तिथी अमावस्या, मार्गशीर्षातली. दिनविशेष म्हणजे येळवसच, तिकडं लातूर-धाराशिवला अख्खी गावं रिकामी होऊन रानात जेवायला जातात. कडब्याची कोपी म्हणजे खोपटं, मिश्र भाज्यांची भज्जी, आंबील. आणि दिनमान वर्षातलं अगदी लहान किंवा त्याच्या जवळचं, अकरा तासांच्या आसपास. जूनमध्ये हेच सव्वातेरा तास भरतं. अंबिलीचं मडकं रिकामं होईपर्यंत दिस कलतो आणि हेंडगा, म्हणजे मशाल, पेटवायची वेळ येते. लहानपणी आम्हाला वाटायचं, हा दिवस इतका लवकर का संपतो. दिनमानाचा आकडा पाहिल्यावर कळलं की तो खरोखरच लवकर संपतो.

लेखनाचंही सांगून ठेवतो. दोन्ही शब्दांत ‘दि’ ऱ्हस्व. ‘दीनविशेष’ लिहिलं तर अर्थ गरिबाकडं जातो. दोन्ही शब्द जोडून लिहायचे. दिनमान नपुंसकलिंगी, ‘आजचे दिनमान’ हे एकवचन. दिनविशेष पुल्लिंगी, तेव्हा एकच असेल तर ‘आजचा दिनविशेष’ आणि अनेक असतील तर ‘आजचे दिनविशेष’. म्हणजे ताई, पेंटरला बोलवायचीही गरज नाही. फळ्यावरच्या ‘आजचे दिनमान’पुढं खडूनं तास-मिनिटं लिहा आणि खालच्या ओळीपासून दिनविशेष सुरू करा. वजाबाकी चौथीच्या मुलांकडून करून घ्या.