गोळ्या थांबवल्या, आता केस गळतात

प्रश्न : माझं वय २८. पीसीओडी (बीजकोशांचा हार्मोनचा विकार) आणि मुरुमांसाठी दोन वर्षं गर्भनिरोधक गोळ्या घेतल्या. चेहरा नितळ झाला होता. मूल हवं म्हणून चार महिन्यांपूर्वी गोळ्या बंद केल्या. आता न्हाताना केसांचे पुंजके हातात येतात, हनुवटीवर पुन्हा मुरुमं उठलीत, गालांवर तपकिरी डाग आहेत. सासूबाई म्हणतात, गोळ्यांची उष्णता बाहेर पडतेय. पुन्हा गोळ्या सुरू करू का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : नको. बाळाची वाट पाहताय, आणि केसांसाठी गोळीची गरजही नाही.

केस गळतात म्हणून येणाऱ्या प्रत्येकीला मी आधी दिनदर्शिकेची पानं मागे उलटायला लावते. दोन-चार महिन्यांपूर्वी काय घडलं? कुणाला डेंगी झालेला असतो, कुणी बाळंत झालेली असते. तुमच्या पानावर गोळ्या थांबल्यात. गोळीतल्या इस्ट्रोजेन या हार्मोनच्या आधाराने वाढत राहिलेले केस तेव्हा एकदम विश्रांतीत गेले, ते आता गळताहेत. मुळं शाबूत आहेत. सहसा सहा महिन्यांत हे थांबतं. तरी हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड तपासा. भांग रुंद होत असेल तर मात्र थांबू नका, पीसीओडीमुळेही केस विरळ होतात.

मुरुमांचा उष्णतेशी संबंध नाही. गोळीमुळे यकृतात एक प्रथिन जास्त तयार होतं आणि ते रक्तातलं मोकळं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी हार्मोन, धरून ठेवतं. म्हणून तेलग्रंथी शांत होत्या. पीसीओडी बरा झाला नव्हता, झाकला गेला होता. हे तुम्हाला दोन वर्षांपूर्वीच सांगायला हवं होतं, याचं मला वाईट वाटतं.

गालांवरचे डाग बहुधा वांग असावेत. इस्ट्रोजेन आणि ऊन दोन्ही त्याला खतपाणी घालतात, आणि गोळी थांबली तरी ते लगेच जात नाहीत. रोज किमान ३० एसपीएफचं सनस्क्रीन लावा, बाहेर पडताना चेहऱ्यावर ओढणी घ्या.

एक कळकळीची विनंती. मेडिकलमधून कुणी सुचवलेलं मलम आणू नका, गोरेपणाच्या अनेक मलमांत स्टेरॉइड असतं आणि त्वचा पातळ होते. मुरुमांसाठीची आयसोट्रेटिनॉइनची गोळी तर अजिबात नको, तिने गर्भात व्यंग येतं. डोक्याला केस वाढवण्याचं मिनॉक्सिडिलही आत्ता नको. अ‍ॅझेलिक अ‍ॅसिडचं मलम चालतं, तेही डॉक्टरांना दाखवून. फॉलिक अ‍ॅसिड सुरू नसेल तर आजच विचारा.

बाळंतपणानंतर पाळणा लांबवायचा असेल तेव्हा मुरुमांचा हा इतिहास स्त्रीरोगतज्ज्ञांना आवर्जून सांगा. गर्भाशयात बसवायच्या हार्मोनच्या साधनाने काहींची मुरुमं वाढतात. साध्या तांबीत हार्मोन नसतं.