'आर्झुहाल्जी' आणि आपला हाल

प्रश्न असा आला : तुर्की कादंबरीकार 'यासर केमाल' तरुणपणी 'आर्झुहाल्जी' (दुसऱ्यांचे अर्ज लिहून देणारा) होता असे वाचले, याला मराठीत 'अर्जवाला' म्हणावे का?

आधी ते 'यासर' पुसा! यासिर अरबी, यशार तुर्की. 'यशार' म्हणजे 'जगतो'. डोळा लहानपणीच गमावलेल्या, बापाचा खून पाचव्या वर्षी पाहिलेल्या माणसाने हे टोपणनाव घेतले. मूळचा तो केमाल सादिक गोक्चेली. 'केमाल' म्हणजे आपले 'कमाल'च, त्यावर वेळ घालवत नाही.

आता आर्झुहाल्जी. अर्ज + हाल + जी. हा 'जी' आदरार्थी नव्हे. धंदा दाखवणारा तुर्की प्रत्यय, कठोर व्यंजनापुढे 'ची' किंवा 'चु' होणारा. तोफ चालवणारा तिकडे 'तोप्चु', इकडे तोपची. मशालची, खजांची याच गोतातले. कोशकार यांच्यावर 'फारसी' असा शिक्का मारून मोकळे होतात, हे मला अजिबात मान्य नाही. फारसीने फक्त वाहून आणले, प्रत्यय तुर्कांचा.

खरी गंमत 'हाल'मध्ये आहे. अरबीत हाल म्हणजे नुसती स्थिती. 'खुशाल'मध्ये (खुश-हाल) ती सुखाची, 'हल्ली'मध्ये चालू काळाची. मग एकटा 'हाल' मराठीत यातना कसा झाला? 'बेहाल'वरून, असे सांगतात. मला ते पटत नाही. माझे मत : हा अर्थ कचेरीच्या पायरीवर घडला. सरकारपुढे हाल मांडायला सुखी माणूस येतोच कशाला? शतकानुशतके हाल सांगितले गेले ते दुःखाचेच, आणि शब्दाला तोच रंग चढला.

केमालचा धंदा पाहा. दक्षिण तुर्कस्तानातल्या चुकुरोवाच्या कापूसपट्ट्यात, कादिर्ली गावी टाइपरायटर घेऊन तो निरक्षर शेतकऱ्यांचे अर्ज लिहून देई. 1951 साली इस्तंबूलला 'जुम्हुरियेत' दैनिकात गेला आणि 1955 साली त्याची कादंबरी 'इन्जे मेमेद' पुस्तकरूपाने आली. 'इन्जे' म्हणजे बारीक, सडपातळ. पाच गावांचा मालक अब्दी आगा आणि त्याच्याविरुद्ध डोंगरात गेलेला हा किडकिडीत पोरगा. कादिर्लीत अर्जापुरते लिहिलेले हाल इथे पुरते सांगून झाले, असे मी ती कादंबरी वाचताना मानतो.

आणि हो, 'अर्जवाला' नको. 'अर्जनवीस' म्हणा, फडणवीस, चिटणीस यांच्या पंगतीत तो शोभतो. फक्त त्यात 'हाल' राहत नाही, याची मला हळहळ वाटते.